शेजाऱ्याने खाल्लेली गोळी आणि आपला न्यूमोनिया

२०२५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये अँटिबायोटिकचा विषय काढला. न्यूमोनिया आणि लघवीच्या संसर्गावर ही औषधं पूर्वीसारखी चालेनाशी झाली आहेत, असं त्यांनी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अहवालाचा हवाला देऊन सांगितलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं घेऊ नका, असंही बजावलं. नागपुरातल्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरवरचा संवाद मात्र जुनाच आहे. ‘भाऊ, घसा लई खवखवून राहिला, कणकण बी आहे, तीन दिवसाच्या गोळ्या दे ना.’ भाऊ देतो. त्या पुडीत तापाची एक, सर्दीची एक आणि बरेचदा अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असतं.

यात बिघडलं काय, हे बहुतेकांना खरंच कळत नाही. ज्याचा घसा त्याची गोळी, नुकसान झालं तर त्याचंच, असा सरळ हिशेब असतो. रक्तदाबाच्या गोळीला तो लागूही पडतो. शेजारच्या काकूंनी बीपीची गोळी चुकीची घेतली तर चक्कर काकूंना येईल, माझ्या गोळीचा गुण कमी होणार नाही. जंतू मारणाऱ्या औषधांना हा हिशेब लागू होत नाही. काकूंनी उगीच घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे पुढच्या वर्षी माझं औषध निकामी ठरू शकतं. हे कसं घडतं, तेवढंच या लेखात समजून घेऊ.

आधी दोन प्रकारचे जंतू

आजार पसरवणारे जंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे. विषाणू, म्हणजे व्हायरस, इतका लहान की त्याला स्वतःचं घर नाही. तो आपल्या पेशीत शिरून वाढतो. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या आणि बहुतेक घसादुखी ही त्याचीच कामं. जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, ही स्वतंत्र पेशी. टायफॉइड, टीबी, लघवीचा संसर्ग आणि न्यूमोनियाचे बरेच प्रकार जिवाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक चालतं ते फक्त जिवाणूवर. ते त्याची भिंत फोडतं किंवा त्याचं प्रथिनं बनवण्याचं यंत्र बंद पाडतं. विषाणूकडे ना ती भिंत, ना ते यंत्र. त्यामुळे डेंग्यूच्या रुग्णाला अँटिबायोटिक दिलं तर डेंग्यूच्या विषाणूला त्याचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो आपल्या पोटातल्या जिवाणूंना. आतड्यात, त्वचेवर, घशात अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. गोळी घशासाठी घेतली तरी औषध रक्तातून सगळीकडे फिरतं आणि या सगळ्यांवर पडतं.

बोंडअळी पाहिलेल्यांना हे लवकर कळेल

विदर्भात ही गोष्ट समजावायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, कपाशीचं शेत पुरतं. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. झाडातच अळीला मारणारं प्रथिन, त्यामुळे बोंडअळी गेली, फवारण्या कमी झाल्या, सगळे खूश. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं पुढचं वाण आलं. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी सुखाने बसलेली. मधल्या काळात काय झालं होतं? लाखो अळ्यांमध्ये एखादीत जन्मतःच असा बारीक फरक असतो की ते प्रथिन तिला मारत नाही. बाकीच्या मेल्या, हिला मोकळं शेत मिळालं. तिची पिल्लं तशीच, त्यांची पिल्लंही तशीच. अळीने काही ठरवलं नव्हतं, सवयही लावून घेतली नव्हती. आपणच दर हंगामात तिच्या स्पर्धकांना मारून तिला जागा करून दिली.

बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची, ती का, हेही आठवून पाहा. शेताच्या कडेने ते लावलं की तिथे साध्या, मरणाऱ्या अळ्या टिकतात, त्यांचा दाद न देणाऱ्या अळ्यांशी संकर होतो आणि तो गुण पसरायला वेळ लागतो. कितीतरी शेतकऱ्यांनी ती पुडी फेकून दिली. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, ती कशासाठी आहे हे सांगायची तसदी फारशी कोणी घेतली नव्हती.

पोटातल्या जिवाणूंचं नेमकं हेच होतं. अँटिबायोटिक घेतलं की साधे जिवाणू मरतात आणि दाद न देणारे उरतात. रिकाम्या जागेत तेच वाढतात. फरक दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही फरक आपल्या विरुद्ध जातात. पहिला वेगाचा. अळीच्या एका पिढीला महिन्याच्या आसपास लागतो, ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. दुसरा फरक जास्त भयंकर. अळी आपला गुण फक्त पिल्लांना देऊ शकते. जिवाणू तो शेजाऱ्यालाही देतो, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी देतो. जिवाणूच्या आत डीएनएची छोटी, सुटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. औषध मोडून टाकण्याची कृती या कडीवर लिहिलेली असते आणि दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की कडीची प्रत इकडून तिकडे जाते. पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूने ती जपून ठेवायची आणि उद्या न्यूमोनिया करणारा क्लेब्सिएला आला की त्याच्या हवाली करायची, असा हा प्रकार आहे.

‘माझ्या शरीरालाच गोळीची सवय झाली’

नाही. बदलतो तो जिवाणू, शरीर नाही. म्हणूनच ज्या माणसाने आयुष्यात कधी अँटिबायोटिक घेतलं नाही, त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूची लागण होऊ शकते. आठ दिवसांच्या बाळालाही होते. ‘मी गोळ्या घेतच नाही, मला काय भीती’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

‘पण घेतलं की बरं वाटतं ना!’

वाटतं, कारण सर्दी-ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरणीला लागतो आणि आपण गोळी साधारण तिसऱ्या दिवशीच आणतो. श्रेय गोळीला जातं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढलं, आता अँटिबायोटिक पाहिजेच’ हाही असाच घट्ट समज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. कोविडमध्ये घरोघरी अझिथ्रोमायसिनची पाकिटं होती. ब्रिटनमध्ये त्यावर मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०२१ मध्ये निकाल आले, की कोविडवर त्याचा उपयोग होत नाही. त्याआधीच, २०१९ मध्ये, आपल्या खासगी औषध बाजारात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक हेच होतं, अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम.

अशा एका बिनकामाच्या कोर्सनंतर दाद न देणारे जिवाणू पोटात काही महिने, कधी वर्षभरही मुक्काम करू शकतात.

‘डॉक्टरसाहेब, हाय पॉवरची द्या’

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. अँटिबायोटिकला ‘पॉवर’ नसते, त्याला नेम असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली, ती अनेकांना आठवत असेल. गवतात, झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याची पिल्लं चावतात आणि त्यातून हा जिवाणू शिरतो. चावल्याच्या जागी काळी खपली धरते, कधी ती काखेत किंवा जांघेत असल्यामुळे दिसतही नाही. आजार वेळेत ओळखला नाही तर जीव घेतो. त्यावरचं औषध कोणतं? डॉक्सिसायक्लिन, जुनी आणि अगदी स्वस्त गोळी. सलाईनमधून चढवतात ते महागडं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या जंतूवर चालतच नाही. म्हणजे ‘हाय पॉवर’ घेतलेला रुग्ण खंगत जाणार आणि योग्य निदान झालेला स्वस्तात बरा होणार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत. नेहमी वापरायचे, जपून वापरायचे आणि राखून ठेवायचे. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दुसऱ्यात. कोलिस्टिन, लिनेझोलिड तिसऱ्यात, दुसरा इलाज उरला नाही तरच. घरातल्या डब्यातल्या स्ट्रिप काढून पाहा, दुसऱ्या गटातल्याच जास्त सापडतील असा माझा अंदाज आहे. २०२४ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत माणसांसाठीच्या अँटिबायोटिक वापरात किमान ७० टक्के वाटा पहिल्या गटाचा असावा.

टायफॉइडचा इतिहास पाहिला की हे गट का केले ते कळतं. एके काळी क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड हमखास बरा व्हायचा. जंतू दाद देईनासे झाले तसं ते मागे पडलं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं. आता आपल्याकडच्या बहुतेक टायफॉइडवर तेही चालत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनवर काम चाललं आहे, आणि सर्दीत उधळतो ते हेच अझिथ्रोमायसिन. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला, की त्याच्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालत नाही. एक बाजू मात्र दिलाशाची. वापर थांबल्यावर भारतात अनेक ठिकाणी टायफॉइडचे जंतू पुन्हा क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देऊ लागले आहेत. प्रत्येक औषधाच्या बाबतीत असं होईलच असं नाही.

आणि विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे टायफॉइडच, हे डोक्यातून काढून टाका. पूर्वीचा आजार, लस, दुसराच एखादा ताप, कशानेही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, तेही पहिली गोळी घेण्याआधी.

‘कोर्स पूर्ण करा म्हणता, मग हल्ली पाचच दिवस का देतात?’

हा प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललं आहे. पूर्वी समज असा, की औषध लवकर थांबवलं तर अर्धमेले जंतू उरतात आणि तेच बंडखोर होतात. आता बऱ्याच साध्या संसर्गांत दिसून आलं आहे, की कमी दिवसांचा कोर्स तितकाच गुण देतो. रुग्णालयाबाहेर झालेल्या साध्या न्यूमोनियाला पाच दिवस पुष्कळदा पुरतात. औषध जितके जास्त दिवस, तितका पोटातल्या जिवाणूंवर जास्त मारा, आणि कपाशीच्या शेतात घडलं तेच घडण्याची संधी जास्त. म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले तर ‘सात दिवस घेऊन टाकतो, पक्कं होईल’ असा शहाणपणा नको. आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी बंदही नको. थांबवावंसं वाटलं तर फोन करून विचारा.

टीबी याला पूर्ण अपवाद. टीबीचा जिवाणू अतिशय सावकाश वाढतो, दडून बसतो. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, असा साधा कोर्स असतो. एकाच वेळी इतकी औषधं का? एका औषधाला दाद न देणारा जिवाणू कोट्यवधींत एखादा असतो. तोच दुसऱ्यालाही दाद देत नसण्याची शक्यता नगण्य. एकातून सुटला तो दुसऱ्यात सापडतो. मधेच गोळ्या सोडल्या किंवा आवडतील तेवढ्याच घेतल्या की हे जाळं फाटतं आणि आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, तेव्हा हा धोका आपल्या दाराशी आहे.

नागपूरला हे जास्त का भोवतं

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतली खासगी इस्पितळं. इथे फक्त नागपूरकर येत नाहीत. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडपासून अत्यवस्थ रुग्ण येतात. नागपूरला हलवेपर्यंत गावचा दवाखाना आणि तालुक्याचं हॉस्पिटल करून दोन-तीन अँटिबायोटिक होऊन गेलेली असतात. साधे जंतू मेलेले, उरलेले निवडक. अशा रुग्णांना अतिदक्षता विभागात शेजारी शेजारी ठेवावं लागतं. त्यांना नळ्या, व्हेंटिलेटर, कॅथेटर लावलेले. एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जंतू नेण्याचं काम हात करतात, आणि बरा होऊन गावी जाणारा रुग्ण तेच जंतू पोटात घेऊन जाऊ शकतो. म्हणून आयसीयूत नर्सने भेटायला जाऊ दिलं नाही किंवा हात धुवायला लावले तर वाद घालू नये.

या जंतूंमुळे धोक्यात येतात त्या रोजच्या गोष्टी. सिझेरियन, गुडघेबदल, डायलिसिस, केमोथेरपी, कमी दिवसांच्या बाळाची काळजी, या सगळ्यांत संसर्ग झाला तर अँटिबायोटिक आहे असं डॉक्टरांनी गृहीत धरलेलं असतं. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले, आणि ज्या मृत्यूंत त्यांचा हात होता ते सगळे धरले तर ४९.५ लाख, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

‘आम्ही तर शाकाहारी’

मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांचा या प्रश्नाशी संबंध आहे, हे खरं. त्यांचं वजन वाढावं म्हणून अँटिबायोटिक देण्याची पद्धत जगभर होती. कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटच्या फळीतलं औषध. त्याला निकामी करणारं जनुक प्लाझ्मिडवर बसून डुकरांमधून माणसांकडे आल्याचं २०१५ मध्ये चीनमध्ये आढळलं. भारताने २०१९ मध्ये खाद्यासाठीच्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. पण चिकन न खाल्ल्याने सुटका होत नाही, कारण पाणी सगळ्यांचं एकच. आपण घेतलेल्या अँटिबायोटिकचा बराचसा भाग लघवीवाटे बाहेर पडतो, सोबत जिवाणूही. शहराचं सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात. माणूस, जनावर आणि पाणी वेगवेगळे तपासून चालत नाही, या विचाराला ‘वन हेल्थ’ म्हणतात आणि त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातच झाली. माझं मत विचाराल तर, संस्थेइकतंच सांडपाणी शुद्धीकरणही महत्त्वाचं आहे, पण त्याच्या उद्घाटनाचे फोटो कमी निघतात.

‘शास्त्रज्ञ काढतील की नवीन औषध’

काढतात, पण कंपन्यांना ते परवडत नाही. बीपीची गोळी माणूस तीस वर्षं घेतो, अँटिबायोटिक पाच दिवस. त्यातून नवीन औषध राखून ठेवा, कमी वापरा, असंच आपण सांगणार. अमेरिकेत अकाओजेन नावाच्या कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्टने नाफिथ्रोमायसिन आणलं आहे, न्यूमोनियासाठी रोज एक असं तीन दिवस घ्यायचं. चांगली गोष्ट आहे, पण त्याचंही अझिथ्रोमायसिन करायला आपल्याला वेळ लागणार नाही. उलट ज्यांना खरोखर राखीव औषध लागतं त्यांना ते मिळत नाही. भारतासह आठ देशांच्या पाहणीत असं दिसलं, की अत्यंत चिवट जंतूंची लागण झालेल्यांपैकी सात टक्क्यांहून कमी लोकांना योग्य औषध मिळालं.

‘लिहून डॉक्टर देतात, आम्ही काय करणार?’

बऱ्याच अंशी खरं आहे. गर्दीत एका रुग्णाला पाच मिनिटं, तपासणीचे पैसे रुग्णाला जड, आणि अँटिबायोटिक न देता पाठवलं तर तो दुसऱ्या दवाखान्यात जाणार, हे डॉक्टरांना माहीत असतं. कायदाही आहे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्युल एच १’ लागू झालं. त्यातली अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, याची खूण. अंमलबजावणी किती होते, ते काउंटरवर उभं राहून पाहावं. शिवाय आपल्याच जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च निघालं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये त्यात आरोपपत्र दाखल केलं. डॉक्टरने नेमकं औषध लिहावं, रुग्णाने वेळेवर घ्यावं आणि गोळीत पावडर असावी, यावर रुग्णाकडे इलाज नाही.

जे आपल्या हातात आहे ते थोडं, पण ठोस आहे. ‘हे विषाणूचं वाटतं का? दोन दिवस थांबलं तर चालेल का?’ असं डॉक्टरांना विचारता येतं. बहुतेकांना हा प्रश्न आवडतो, कारण रुग्ण सहसा उलटाच हट्ट धरतात. बाळाला न्यूमोकोकसची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नका; न्यूमोनिया टळला की त्याचं औषधही टळलं. लघवीची किंवा रक्ताची कल्चर तपासणी सांगितली तर नमुना औषध सुरू होण्याआधी द्या. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे ‘एस’ असेल तर ते चालतं, ‘आर’ असेल तर चालत नाही, ‘आय’ म्हणजे मधलं. डोस आणि जागा पाहून डॉक्टर ठरवतील. ‘एस’ दिसलं म्हणून स्वतःच औषध निवडायचं नाही. आणि लघवीत जंतू निघाले, पण जळजळ, ताप काही नाही, तर सहसा औषधाची गरजच नसते. गरोदर बाई हा त्यातला महत्त्वाचा अपवाद.

घरात कोणी आजारी पडलं आणि ऐन वेळी इस्पितळ गाठावं लागलं, तर पहिला डोस कोणता द्यायचा हे डॉक्टरला कल्चरचा रिपोर्ट येण्याआधी, म्हणजे दोन-तीन दिवस आधी, अंदाजाने ठरवावं लागतं. त्या वेळी जुने कल्चर रिपोर्ट आणि मागच्या तीन महिन्यांत घेतलेल्या अँटिबायोटिकची नावं समोर असली तर अंदाज बराच बरोबर येतो. आजोबांच्या फाइलमध्ये शुगर-बीपीच्या कागदांसोबत हा एक कागद जास्तीचा ठेवा, आणि गोळी संपली तरी स्ट्रिपच्या नावाच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.